प्रवाहाकडे तोंड करून

तलावात नौकाविहारासाठी भाड्याने मिळणारी छोटी होडी आपल्यापैकी अनेकांनी वल्हवली असेल. दोन वल्ही हातात घेऊन बसले, की आपली पाठ होडीच्या पुढच्या टोकाकडे येते. म्हणजे जिकडे जायचे तिकडे पाठ आणि जिथून निघालो तिकडे तोंड! असे उलटे का बसायचे? कारण सोपे आहे. वल्हे ढकलण्यापेक्षा ओढताना पाठीचे आणि पायांचे मोठे स्नायू कामाला येतात, त्यामुळे जोर जास्त लागतो. समोर काय आहे ते अधूनमधून मान वळवून पाहिले की तलावात तेवढे पुरते.

पण पाणीच धावत असेल, आणि त्या पाण्यात घराएवढाले खडक असतील तर? मग मान वळवून पाहीपर्यंत उशीर झालेला असतो. हृषीकेशजवळच्या गंगेत किंवा कोलाडजवळच्या कुंडलिकेत आज हजारो लोक हौसेने राफ्टिंग करतात. खळाळत्या पाण्यातून होडी सुखरूप न्यायची ही विद्या माणसाला कशी साधली, हे शोधताना आम्ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीपाशी जाऊन पोचलो. तिथल्या इतिहासात भौतिकशास्त्र आहे, भूशास्त्र आहे, आणि तीन माणसांवर झालेला एक अन्यायही आहे.

एका हाताचा शिक्षक

जॉन वेस्ली पॉवेल हा मूळचा शाळामास्तर. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि तो हात कोपराखाली कापावा लागला. युद्धानंतर तो इलिनॉय राज्यात भूशास्त्र शिकवू लागला. शिक्षक घडवणाऱ्या तिथल्या नॉर्मल विद्यापीठाशीही त्याचा संबंध होता. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरदऱ्यांत हिंडायचे, दगड आणि वनस्पती गोळा करायच्या, अशी त्याची शिकवण्याची रीत होती.

त्या काळी अमेरिकेच्या नकाशावर एक मोठी कोरी जागा होती. कोलोरॅडो नदी ज्या खोल घळयांतून वाहते तो सगळा प्रदेश जवळजवळ अज्ञात होता. पॉवेलने ठरवले, की नदीतूनच जायचे आणि तो पाहायचा. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनहून दहा माणसे चार होड्यांतून निघाली. होड्या शिकागोत बांधून आगगाडीने आणल्या होत्या. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा रेल्वेमार्ग त्याच महिन्यात पुरा झाला होता. बरोबर दहा महिन्यांची शिधासामग्री होती आणि उंची मोजण्यासाठी बॅरोमीटर होते.

बॅरोमीटर कशासाठी? जसजसे खाली उतरावे तसतसा हवेचा दाब वाढतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ११ मीटर उतरले, की पारा १ मिलिमीटरने वर चढतो. निघाल्या ठिकाणाची उंची माहीत होती, आणि पुढे जिथे व्हर्जिन नदी कोलोरॅडोला मिळते तिथली उंचीही अंदाजे माहीत होती. त्यामुळे रोजच्या मोजमापावरून नदीला अजून किती खाली उतरायचे आहे याचा हिशेब करता येई. संपूर्ण प्रवास सुमारे १६०० किलोमीटरचा आणि उतार दीड हजार मीटरहून जास्त. सरासरी काढली तर एका किलोमीटरला एखादा मीटर. यात भिण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल.

पण सरासरी फसवी असते. जूनमध्येच लोडोरच्या घळईत ‘नो नेम’ नावाची होडी खडकावर आदळून फुटली. पॉवेल पुढच्या होडीत उभा राहून निशाणाने इशारे देत असे. मागच्या होड्यांतले वल्हवणारे प्रवाहाकडे पाठ करून बसलेले. इशारा मिळून होडी काठाला लागेपर्यंत वेळ निघून गेली होती. माणसे वाचली, पण शिध्याचा मोठा भाग वाहून गेला. पुढे जुलैत एक जण मोहीम सोडून गेला. जिथे पाणी फारच माजलेले दिसे तिथे होड्या दोरांनी बांधून काठाकाठाने खाली सोडाव्या लागत, नाहीतर सामान आणि होड्या खांद्यावर वाहून न्याव्या लागत. एका हाताचा पॉवेल मधल्या काळात कडे चढून मोजमापे घेत असे.

ताटातूट

ऑगस्ट संपत आला. ग्रँड कॅनियनच्या खोल दरीत शिरून दोन आठवडे झाले होते. पीठ भिजून बुरसलेले, तेही थोड्याच दिवसांपुरते उरलेले. २७ ऑगस्टला एक भयंकर खळाळ समोर आला. (भूगोलाच्या पुस्तकात याला द्रुतवाह म्हणतात, या लेखात आपण खळाळच म्हणू.) दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यामुळे होड्या खांद्यावरून नेण्यास वाट नाही. ओरॅमल हाउलंड, त्याचा भाऊ सेनेका हाउलंड आणि विल्यम डन या तिघांनी सांगितले, की पुढे जाणे म्हणजे मरण आहे. आपण कडा चढून वर जाऊ आणि वस्ती गाठू.

पॉवेलने त्या रात्री आपल्या नोंदींवरून हिशेब मांडला. व्हर्जिन नदीचा संगम सरळ रेषेत सुमारे ४५ मैलांवर, म्हणजे ७० किलोमीटरच्या आसपास आहे, असे उत्तर आले. नदीच्या वळणांनी ते अंतर बरेच वाढणार होते. हा हिशेब त्याने हाउलंडला दाखवला. तरीही २८ ऑगस्टच्या सकाळी तिघे निघून गेले. उरलेल्या सहा जणांनी एक होडी तिथेच सोडली आणि बाकीच्या दोन होड्यांतून तो खळाळ पार केला. वरून दिसला तितका तो वाईट नव्हता असे पॉवेलने पुढे लिहिले. दुसऱ्याच दिवशी ते दरीतून बाहेर पडले आणि ३० ऑगस्टला व्हर्जिनच्या संगमावर त्यांना मासे धरणारी माणसे भेटली. प्रवास संपला होता.

कडा चढून गेलेले तिघे मात्र पुन्हा कोणाला जिवंत दिसले नाहीत. ते मारले गेले. कोणी मारले यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही. त्या जागेला आजही सेपरेशन, म्हणजे ताटातूट, असेच नाव आहे.

पाठ की तोंड?

पॉवेलचे सहकारी धीट होते आणि कष्टाळूही. मग पावलोपावली त्यांची एवढी दैना का झाली? एक कारण होड्यांत होते. लांबट, वजनदार, संथ पाण्यात सरळ रेषेत वेगाने जाण्यासाठी चांगल्या, पण चटकन वळायला नाराज. दुसरे कारण वल्हवण्याच्या पद्धतीत होते. होडीला वळवायचे असेल तर होडीचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा वेगळा असावा लागतो. होडी पाण्याच्याच वेगाने वाहत असेल, तर ती पाण्याच्या दृष्टीने स्थिरच असते; मग वाहत्या पाचोळ्यात आणि तिच्यात फरक उरत नाही. वेगात फरक पाडण्यासाठी हे लोक प्रवाहाच्या दिशेने जोराने वल्हवत, म्हणजे पाण्यापेक्षाही वेगाने जात. तेही पाठ पुढे करून!

यावर तोड काढली ती युटा राज्यातल्या नेथॅनिएल गॅलोवे या माणसाने. सापळे लावून जनावरे पकडणे हा त्याचा धंदा. नदीकाठाने हिंडताना त्याला हलकी होडी लागे. १८९० च्या दशकात त्याने सपाट तळाच्या, दोन्ही टोकांना उचललेल्या होड्या बांधल्या. अशी होडी भिंगरीसारखी जागच्या जागी वळते. आणि तो चक्क उलटा बसला, म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून. आता वल्ही नेहमीसारखी ओढली, की होडी मागे, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध जाऊ पाहते. प्रवाह जोरदार असल्याने ती प्रत्यक्षात पुढेच जाते, पण पाण्यापेक्षा हळू. पाठीचा आणि पायांचा जोर तोच, मात्र डोळे खडकावर. १९०९ साली ज्युलियस स्टोन या उद्योजकाबरोबर तो याच पद्धतीने ग्रँड कॅनियनमधून गेला आणि बहुतेक सगळे खळाळ त्याने होडीत बसूनच पार केले.

हे किती फायद्याचे आहे ते वर्गात फळ्यावर मांडून पाहता येईल. समजा, पाण्याचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे, वल्हवण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर आहे आणि ७० मीटरवर एक खडक आहे. होडी प्रवाहाशी ४५ अंशांचा कोन करून वल्हवायची. म्हणजे आपल्या ५ पैकी साधारण ३.५ वेग बाजूला जाण्यात आणि ३.५ पुढे किंवा मागे जाण्यात खर्च होतो.

पहिली रीत : प्रवाहाच्या बाजूने वल्हवले. पुढे जाण्याचा वेग १२ + ३.५ = १५.५. खडकापर्यंत पोचायला सुमारे १६ सेकंद. तेवढ्यात होडी बाजूला सरकते सुमारे १६ मीटर.

दुसरी रीत : प्रवाहाविरुद्ध वल्हवले. पुढे जाण्याचा वेग १२ – ३.५ = ८.५. खडकापर्यंत पोचायला सुमारे ३० सेकंद. तेवढ्यात होडी बाजूला सरकते सुमारे २९ मीटर.

मेहनत तितकीच, पण सुटकेसाठी जवळजवळ दुप्पट जागा मिळाली. शिवाय इतके करूनही आदळलोच, तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दुसऱ्या रीतीतला तडाखा पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश बसेल. गॅलोवेने हे गणित मांडले नव्हते. त्याला ते हातांनी कळले होते.

खळाळ येतात कोठून?

ग्रँड कॅनियनमध्ये कोलोरॅडो सुमारे ४५० किलोमीटर वाहते. तिथला सरासरी उतार किलोमीटरला दीड मीटरच्या आसपास. १९६५ साली ल्यूना लिओपोल्ड या जलशास्त्रज्ञाने राफ्टमधून जाऊन नदीची खोली आणि उतार मोजले. त्याला आढळले, की एकूण उताराचा निम्मा भाग एक दशांशाहूनही कमी लांबीत उरकला जातो. म्हणजे ही नदी उतरत्या रस्त्यासारखी नसून जिन्यासारखी आहे. लांबच लांब संथ डोह, मग एकदम खळाळ, पुन्हा डोह.

पायऱ्या नेमक्या कुठे असतात? बहुधा बाजूचा एखादा ओढा जिथे मुख्य नदीला मिळतो तिथे. हे ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. पण त्यांचा उतार तीव्र असतो. एखाद्या मुसळधार पावसात चिखल, वाळू आणि प्रचंड धोंडे यांचा लगदा ओढ्यातून धडधडत येतो आणि नदीच्या पात्रात पंख्याच्या आकाराची रास घालतो. नदी त्यातले बारीक दगड वाहून नेते, मोठे धोंडे तिला हलत नाहीत. त्यामुळे पात्र अरुंद होते, राशीच्या वर पाणी तुंबून डोह होतो आणि राशीवरून ते जोराने खाली उतरते. सेपरेशनच्या जागीही दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळत होते.

हे कळायला मदत झाली ती एका फसलेल्या योजनेची. १८८९ साली या दरीतून रेल्वे नेण्यासाठी पाहणी सुरू झाली. तरंगण्याची जाकिटे कोणाकडेच नव्हती, आणि कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राउन धरून तिघे जुलैत बुडाले. डिसेंबरात रॉबर्ट स्टँटन हा अभियंता नव्या होड्या आणि जाकिटे घेऊन परत आला. छायाचित्रकार पडून जायबंदी झाल्यावर त्याने स्वतःच कॅमेरा हाती घेतला आणि दरीची शेकडो छायाचित्रे काढली. रेल्वे झालीच नाही. पण शंभर वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, रॉबर्ट वेब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी उभे राहून तीच छायाचित्रे पुन्हा घेतली. जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवल्यावर कोणत्या ओढ्याने नवे धोंडे आणले ते दिसू लागले. रेल्वेसाठी काढलेली चित्रे नदीच्या इतिहासाचा पुरावा ठरली.

धोंडे येताना माणसाच्या हयातीतही दिसले आहेत. क्रिस्टल नावाच्या ओढ्याच्या मुखाशी पूर्वी बेताचा खळाळ होता. डिसेंबर १९६६ मधल्या वादळी पावसाने तिथे इतके दगड आणून टाकले, की तो नदीतल्या सर्वांत धोकादायक खळाळांपैकी एक झाला.

मोरीतली उसळी

याच क्रिस्टलमध्ये १९८३ साली आणखी एक नवल घडले. त्या उन्हाळ्यात वरच्या ग्लेन कॅनियन धरणातून फार मोठा विसर्ग करावा लागला आणि क्रिस्टलमध्ये पाच-सहा मीटर उंचीची एक लाट जागच्या जागी उभी राहिली. मोठमोठे राफ्ट तिने उलटवले. एका प्रवाशाचा जीव गेला. सूझन कीफर या भूशास्त्रज्ञ विदुषीने तिचा अभ्यास केला आणि ती हायड्रॉलिक जंप, म्हणजे पाण्याची उसळी, असल्याचे दाखवले.

ही उसळी पाहायला ग्रँड कॅनियनला जायची गरज नाही. मोरीत स्टीलचे ताट पालथे ठेवा आणि त्यावर नळाची बारीक, अखंड धार सोडा. धार पडते तिथे पाण्याचा अगदी पातळ, काचेसारखा गुळगुळीत गोल तयार होतो. त्याच्या कडेला पाणी एकदम जाड होऊन एक कडे उभे राहते. आतल्या गोलात पाणी पातळ आणि वेगवान आहे, इतके वेगवान की पृष्ठभागावरची लहर उलट दिशेने आत येऊ शकत नाही. बाहेर ते संथ आणि खोल आहे. वेगवान पाण्याला एकदम संथ व्हावे लागते तिथे ही उसळी दिसते. ताटावर बोट टेकवून मुलांनी आतला आणि बाहेरचा फरक स्वतः पाहावा. आत बोटामागे पाचरीसारखी रेषा उमटते. बाहेर बोटाच्या पुढेही लहरी पसरतात.

नदीत अशाच अरुंद जागेतून सुटलेले पाणी खालच्या डोहातल्या संथ पाण्याला भिडते. राफ्टिंगचे वाटाडे पाण्याचा पृष्ठभाग वाचतात तो याच ज्ञानावर. खालच्या दिशेला टोक असलेली गुळगुळीत जीभ दिसली, तर बहुधा तिथे खोल पाण्याची वाट असते. टोक वरच्या दिशेला असेल, तर त्या टोकाशी खडक लपलेला असतो.

हौशी लोकांची नदी

१९३८ साली नॉर्मन नेव्हिल्स या होडीबांधणाऱ्याने प्लायवुडच्या होड्यांतून एक सफर काढली. तीत एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या मिशिगन विद्यापीठातल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. संपूर्ण ग्रँड कॅनियन नदीतून पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. वर्तमानपत्रांनी त्यांच्या धाडसाविषयी रकाने भरले. त्या मात्र निवडुंग आणि झुडपे गोळा करत होत्या. त्यांनी केलेली वनस्पतींची नोंद १९४४ साली प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे रबरी राफ्ट आणि पुलांसाठी वापरलेले रबरी तराफे स्वस्तात विकायला निघाले. हवेने फुगवलेला राफ्ट खडकाला आदळला तर दबतो आणि पुन्हा फुगतो. त्याच्यात वेगवेगळे कप्पे असल्याने एक फुटला तरी तो बुडत नाही. जॉर्जी व्हाइट या बाईंनी १९५० च्या दशकात असे राफ्ट एकत्र बांधून खर्च वाटून घेणाऱ्या सफरी सुरू केल्या. मार्च १९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले. पूर्वीचे गढूळ लोंढे थांबले आणि पाणी वेळापत्रकाप्रमाणे येऊ लागले. १९७२ साली या दरीतून जाणारे प्रवासी वर्षाला सोळा हजारांवर पोचले. धरणामागच्या जलाशयाला पॉवेलचेच नाव आहे.

आपल्या कुंडलिकेची गोष्टही पाण्याच्या वेळापत्रकाचीच. मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते आणि वीज निर्माण करून पुढे कुंडलिकेत जाते. हे पाणी सोडले की कोलाडजवळ राफ्टिंग सुरू होते. तिथल्या राफ्टमध्ये बसलेल्यांकडे पाहा. सहा-आठ जण छोटी वल्ही घेऊन बसलेले, वाटाड्या मागे, आणि सगळ्यांची तोंडे पुढे. ‘पुढे मारा’, ‘मागे मारा’ या वाटाड्याच्या आज्ञांचा हेतू एकच, पाण्याच्या आणि राफ्टच्या वेगात फरक ठेवायचा.

स्मारकावर नसलेली नावे

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर १९१८ साली पॉवेलच्या मोहिमेच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यावर त्याच्या सोबत्यांची नावे आहेत. हाउलंड बंधू आणि डन यांची नावे नाहीत. पळपुटे म्हणून ती गाळली गेली.

पण त्या सकाळी त्यांना काय माहीत होते? मागे एक होडी फुटलेली त्यांनी पाहिली होती. ओरॅमल आणि सेनेका तर त्याच होडीत होते. पॉवेलच्या हिशेबाने अंतर सांगितले. त्या अंतरात किती पायऱ्या आहेत ते सांगितले नाही, आणि तेव्हा ते कोणालाच सांगता आले नसते. खळाळ कशामुळे होतो, कशी होडी वापरायची, कसे बसायचे, यातले काहीही ठाऊक नसताना त्यांनी डोळ्यांना दिसत होते त्यावरून निर्णय घेतला. सहा जणांनीही तसाच घेतला. कोणाचा बरोबर होता ते दोन दिवसांनी ठरले, आणि पॉवेलचे पुस्तक त्याहून सहा वर्षांनी, १८७५ साली आले.

सेपरेशनचा खळाळ पुढे हूवर धरणाच्या जलाशयात बुडाला. म्हणून तो किती कठीण होता ते गॅलोवेच्या पद्धतीने उतरून तपासण्याची सोय उरली नाही. मोहिमेचा धडा वर्गात शिकवताना सहा नावे फळ्यावर लिहिली, तर ती तीन नावेही शेजारी लिहावीत असे आम्हाला वाटते.